अडीच तासांवरचं शहर

बाबा चहाचा कप उचलता उचलता खुर्चीतून घसरले, तेव्हा ताई दारात चपला घालत होती. कप फुटल्याचा आवाज आला म्हणून ती मागे वळली. बाबा जमिनीवर बसल्यासारखे पडले होते आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण जीभ वळत नव्हती.

त्यानंतरची सकाळ कशी गेली ते तिला नीट आठवतही नाही. रुग्णवाहिका आली, शेजाऱ्यांनी बाबांना जिन्यावरून उतरवलं, हॉस्पिटलात कोणी हाताला सुया टोचल्या, कोणी सह्या घेतल्या. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जिवावरचं टळलंय असं वाटतं. पण उजवी बाजू आणि बोलणं, यांचं आज काही सांगता येणार नाही. जवळची माणसं असतील तर बोलावून घ्या."

जवळचं माणूस एकच होतं आणि ते सगळ्यात लांब राहत होतं. धाकटा. आई घर सोडून गेली तेव्हा ताई पंधरा वर्षांची होती आणि धाकटा सहा. त्याचे डबे भरण्यापासून त्याच्या लग्नात वरमाईसारखं मिरवण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं होतं. बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे, दिवसभर बाजारात हिंडायचे, घर तिच्यावरच. स्वतःच्या लग्नाचं मात्र राहून गेलं ते गेलंच. आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तो शिकून सवरून देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या शहरात नोकरीला गेला. इथे चांगली जागा मिळत असताना गेला, याचं तिला तेव्हाही नवल वाटलं होतं.

ते शहर विमानाने अडीच तासांवर होतं. रस्त्याने म्हणाल तर एक अख्खा दिवस, एक अख्खी रात्र आणि वर दुसऱ्या दिवसाची दुपार. मध्ये दोन मोठे घाट आणि मैलोन् मैल ओसाड माळ. मालाचे ट्रक सोडले तर त्या रस्त्याने शहाणं माणूस जात नसे.

"ताई, निघतो मी," धाकटा फोनवर म्हणाला. "बाबा शुद्धीवर आहेत?"

"आहेत. बोलता येत नाहीये."

पलीकडे कोणाशी तरी हळू आवाजात बोलणं झालं. मग तो पुन्हा म्हणाला, "निघतोच."

ताईने मनात हिशेब केला. दुपारचं विमान मिळालं तर संध्याकाळी, नाही तर फार तर जेवणाच्या वेळेपर्यंत. ती बाबांच्या खाटेशी बसून राहिली. बाबांची नजर सारखी दाराकडे जात होती. "येतोय तो," ती सांगायची. बाबा मान हलवायचे, ते हो म्हणून की नाही म्हणून, ते कळत नव्हतं.

संध्याकाळ झाली, धाकटा आला नाही. फोन लागेना. बऱ्याच वेळाने एकदाचा लागला तेव्हा वाऱ्याचा घोंघाट येत होता.

"ताई, तिकीट मिळालं नाही. सगळी विमानं भरलीत. उद्या पोचतो."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ताई विमा कंपनीत होती. अपघात झालेल्या गाड्यांचे दावे तिच्या टेबलावर यायचे, आणि खरं कुठलं, थाप कुठली, हे ठरवायचं काम तिचं. माणूस खोटं बोलताना आधी कारण सांगतो आणि मग ते पुन्हा एकदा सांगतो, हे तिला वीस-बावीस वर्षांत चांगलं ठाऊक झालं होतं. बाबा तिला लाडाने फौजदार म्हणायचे. तिने बसल्या बसल्या फोनवर त्या दिवसाची विमानं उघडून पाहिली. रात्रीच्या विमानात ओळीच्या ओळी रिकाम्या होत्या.

तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर धाकटा आला. "सकाळचं विमान उशिरा सुटलं," तो म्हणाला. तिने विचारलं नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळे लाल, दाढीचे खुंट वाढलेले, शर्ट पाठीवर घामाने चिकटून वाळलेला आणि पुन्हा भिजलेला. एक हात कोपरापासून मनगटापर्यंत उन्हाने रापला होता, दुसरा नेहमीसारखा. खिडकीची काच खाली करून दिवसभर गाडी चालवणाऱ्या माणसाचा हात असा होतो. असे हात तिने टेबलापलीकडे कितीतरी पाहिले होते.

"विमानात झोप नाही का लागली?"

"नाही ना. शेजारी एक लहान मूल होतं, सारखं रडत होतं."

ते मूलही त्याने उगाच आणलं, असं ताईला वाटलं.

तो बाबांजवळ गेला, वाकला आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला. बाबांचा डावा हात वर आला आणि धाकट्याच्या मानेमागे गेला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कालपासून दाराकडे लागलेली त्यांची नजर पहिल्यांदाच निवली.

"काय सांगितलंस?"

"आलो म्हटलं."

एवढ्या दोन शब्दांना तेवढा वेळ लागत नाही, हे तिच्या लक्षात आलं. पण तिची पद्धत ठरलेली होती. समोरच्याला बोलू द्यायचं आणि आपण ऐकत राहायचं.

धाकटा घरी उतरायला तयार नव्हता. जवळच एका मित्राकडे सोय केलीय म्हणाला. "तुला कशाला त्रास? तू दमलीयस." स्वतःच्या घरी स्वतःची खोली असताना मित्र कुठला काढला याने? आणि रोज सकाळी तिने घरी जाऊन अंघोळ करून, जरा पाठ टेकून यावं असा त्याचा धोशा. "मी आहे ना बाबांजवळ. दुपारी ये निवांत." आधी कधी त्याला बहिणीच्या दमण्याची एवढी काळजी वाटली नव्हती.

घरी गेली तरी तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. याच्या डोक्यात काय चाललंय? बाबांनी गेल्या महिन्यात "घराचं एकदा काय ते करून ठेवायला हवं" असं म्हटलं होतं. तिच्यासमोर म्हणाले आणि मग गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन, धाकट्याशी फोनवर बोलत राहिले. दर रविवारी असंच बोलायचे. आता बाबांची वाचा गेली, हात थरथरतो, आणि हा तिला घरी पिटाळून त्यांच्याजवळ एकटा बसतोय. ज्याला आपण हाताला धरून शाळेत सोडलं त्याच्याबद्दल आपण असा विचार करतोय, याची तिला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून संशय काही गेला नाही.

तिने धाकट्याच्या बायकोला फोन केला. सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, कशी आहेस?"

"मी बरी आहे ताई. बाबांचं कसं आहे? आणि दोघं बरी आहेत ना? रस्त्यात फार हाल झाले म्हणत होते."

मग ती गप्प झाली. अशी गप्प झाली की फोन बंद पडला की काय असं वाटावं.

"दोघं कोण?" ताईने विचारलं.

"दोघं म्हणजे... तुम्ही दोघं बरी आहात ना, असं म्हणत होते मी. ताई, दूध उतू जातंय, नंतर करते."

त्या दुपारी ताईने हॉस्पिटलची मागची गल्ली धुंडाळली. गाडी सापडायला वेळ लागला नाही. शेवटच्या झाडाखाली उभी होती. पाटी लांबच्या शहराची. समोरच्या काचेवर चिरडलेल्या किड्यांचा थर, चाकांवर लाल मातीचे वाळलेले पोपडे. घाटात पाऊस लागला असणार. तिने डोळ्यांवर हात धरून आत पाहिलं. मागच्या सीटवर उशी होती, घडी केलेली शाल होती आणि सीटखाली बायकी चपलांचा जोड. पहिल्यांदा तिच्या मनात जे यायचं ते आलंच. म्हणजे बायको तिकडे आणि साहेब इकडे तिसरीलाच घेऊन फिरतायत. पण चपला सपाट होत्या, मऊ रबराच्या, पाय सुजणाऱ्या म्हाताऱ्या बायका घालतात तशा. आणि त्या बायकोला तर सगळं माहीत होतं. तिसरी बाई कोणाच्या बायकोच्या संमतीने गाडीत बसत नाही.

वॉर्डात गेल्यावर तिने सिस्टरना विचारलं, "सकाळी कोणी येतं का हो बाबांना भेटायला?"

"येतात ना, तुमच्या आत्या. किती मायेने करतात. त्यांचा हात धरून बसतात नुसत्या."

बाबांना बहीण नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने नेहमीप्रमाणे तिला घरी जायला सांगितलं. ती निमूट निघाली. लिफ्टने खाली उतरली, कँटीनमध्ये एक चहा घेतला, तो न पिता तसाच ठेवला आणि जिन्याने परत वर आली. वॉर्डाच्या दाराला गोल काच होती. त्या काचेतून तिने पाहिलं.

एक म्हातारी बाई पाठमोरी उभी होती. केस पांढरे, आखूड कापलेले. एका पायावर भार टाकून, दुसरा पाय जरा वाकवून ती उभी होती आणि बाबांचा लुळा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन एकेक बोट हळूहळू उघडत होती. ताईने तिचा चेहरा पाहिलाच नाही. त्याची गरज पडली नाही. दुकानातल्या आरशात, ऑफिसच्या काचेत, अशी पाठ आणि असं उभं राहणं तिने जन्मभर पाहिलं होतं. ते तिचं स्वतःचं होतं.

ती भिंतीला टेकली. धाकटा पाण्याची बाटली भरून कॉरिडॉरमधून येत होता. तिला पाहून तो जागीच थांबला.

"ताई, मी सांगणारच होतो."

"कधी?"

त्याने बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"किती वर्षं?" तिने विचारलं.

"नोकरी लागली तेव्हापासून. म्हणजे... नोकरी तिथे त्यासाठीच शोधली. ती तिथे आहे हे बाबांनी सांगितलं मला."

"बाबांनी?"

"ताई, बाबा दर वर्षी माझ्याकडे महिनाभर येतात, ते नुसते मलाच भेटायला येतात असं वाटलं होतं का तुला?"

तिला तसंच वाटलं होतं. दर वर्षी ती त्यांची बॅग भरायची, औषधं मोजून द्यायची, विमानतळावर सोडायला जायची. बाबा जाताना खुशीत असायचे आणि येताना गप्प. मुलाला सोडून यायचं जिवावर येतं, असं ती शेजारणींना सांगायची. वीस-बावीस वर्षं लोकांच्या थापा पकडल्या आणि घरातली एवढी मोठी थाप तिने स्वतः इस्त्री करून बॅगेत भरली होती.

"मला का नाही सांगितलं कोणी?"

"तू तिचं नाव काढू दिलंस का कधी? बाबा एकदा बोलायला गेले होते. तू ताटावरून उठलीस आणि आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाहीस. ते घाबरले गं. तू पण निघून जाशील असं वाटलं त्यांना." त्याने बाटली खिडकीत ठेवली. "विमानाने आणता आलं नाही. तिची फुप्फुसं गेलीत, डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. म्हणून रस्त्याने आलो. काय वाटेल ते बोल मला. पण तिने माझ्या तोंडून बाबांचं ऐकलं आणि पायांत चपला घालून दारात जाऊन उभीच राहिली. मी काय करणार होतो?"

ताईने दार ढकललं.

म्हातारीने मान वळवली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बाबा डोळे मिटून पडले होते, किंवा त्यांनी मिटून घेतले होते. ताई खुर्ची ओढून समोर बसली. दावा घेऊन आलेल्या माणसासमोर बसते तशी, पाठ ताठ.

"कधी निघालात तुम्ही?" तिने विचारलं.

"फोन आला आणि निघालो. दुपार व्हायची होती."

"वाटेत कुठे थांबलात?"

"पहिल्या घाटाच्या आधी. मला श्वास पुरेना. तिथे एका दवाखान्यात नळी लावली घटकाभर. मग पेट्रोल पंपावर तो थोडा झोपला. मी जागीच होते."

"पाऊस कुठे लागला?"

"दुसऱ्या घाटात. समोरचं काही दिसेना. एका ट्रकच्या मागच्या दिव्याच्या आधाराने उतरलो."

सगळं जुळत होतं. किडे, लाल माती, उशी, रापलेला हात. कुठे एक कच्चा दुवा सापडावा म्हणून ताई आणखी विचारत राहिली; कोणता रस्ता घेतला, कुठे जेवलात, गाडी कोणी चालवली. बाई शांतपणे, मध्ये मध्ये दम घेत उत्तरं देत होती. एकदाही तिने न विचारलेलं काही सांगितलं नाही. एकदाही ती रडली नाही. रडली असती तर ताईला बरं पडलं असतं. तिला लगेच नाटकी ठरवता आलं असतं.

"तुम्हाला आता काय हवंय?" शेवटी ताईने विचारलं. "घर हवंय? की म्हातारपणी कोणी करायला हवंय?"

"मला धाकटा बघतो. यांना बघायचं होतं. बघितलं."

बाहेरून ट्रॉलीचा आवाज आला आणि गेला. ताई आपल्या हातांकडे बघत होती. मग तिने विचारलं, आणि विचारताना तिच्याही नकळत तिच्या तोंडचं 'तुम्ही' सुटलं. "तेव्हा गेलीस ती कशी गेलीस?"

बाईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "बसने. विमानं कुठली तेव्हा आपल्याला. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो."

"एवढ्या वेळात एकदाही परत फिरावंसं वाटलं नाही?"

"वाटलं. माळावर जेवायला बस थांबली होती. पलीकडे इकडे येणारी बस उभी होती, निघायच्या बेतात. ज्याच्याबरोबर घर सोडलं तो हात धुवायला गेला होता. मी त्या बसच्या दाराशी जाऊन उभी राहिले. दांडीला धरलं होतं."

"मग?"

"मग सुटली ती."

"चढली का नाहीस?"

"काय सांगू तुला? काहीतरी सांगता येईल, पण ते खोटं होईल. मला अजून कळलेलं नाही. तो माणूस दोन वर्षांत मला टाकून गेला. तेव्हाही येता आलं असतं. तोवर यायला तोंड राहिलं नव्हतं."

ताई उठली. तिला बाईचा राग आला होताच, पण त्याहून जास्त राग आला होता तो खाटेवर डोळे मिटून पडलेल्या माणसाचा. ती त्यांच्या उशाशी गेली. "बाबा, डोळे उघडा. जागे आहात तुम्ही, कळतंय मला."

बाबांनी डोळे उघडले.

"तुम्हीसुद्धा," ती म्हणाली. "दर रविवारी दार लावून. मी तुमची औषधं मोजत बसायचे, आणि तुम्ही." तिने खाटेचा दांडा धरला. "मी कोण होते या घरात?"

ज्याला उत्तर द्यायचं होतं त्याला बोलता येत नव्हतं. बाबांनी डावा हात उचलला आणि तिच्या मनगटाला धरलं. तिने तो सोडवला नाही, पण दुसरा हात त्यावर ठेवलाही नाही.

"भेटायची वेळ दुपारपर्यंत असते," ती शेवटी कोणाकडेच न बघता म्हणाली. "तोपर्यंत बसा. दुपारी मी येते."

पुढचे काही दिवस तसंच चाललं. सकाळ आईची, दुपारनंतरचा वेळ ताईचा. दोघी कॉरिडॉरमध्ये एकमेकींना ओलांडून जायच्या. "जेवले," "औषध दिलंय," एवढंच बोलणं. आल्या आल्या बाबांची पिशवी कोणी हलवलीय का, उशीखाली काही सारलंय का, हे ताई अजून बघायची. काही सापडलं नाही, तरी बघायची. आईला दम कमी पडायला लागला तसा धाकटा तिला घेऊन परत निघाला, पुन्हा त्याच रस्त्याने. ताई खाली निरोप द्यायला गेली नाही. वरच्या खिडकीतून गाडी गल्लीबाहेर जाताना मात्र तिने पाहिली.

बाबा घरी आले. हळूहळू काठीने चालायला लागले, तुटक बोलायलाही लागले. एक दिवस त्यांनी विचारलं, "जाऊ... तिकडे?" ताईने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रस्त्याने एवढा प्रवास अजिबात नाही, पण विमानाने हरकत नाही, सोबत कोणी हवं. म्हणजे आता बाबांना रस्ता बंद आणि तिला विमान बंद. तिकडून ती येऊ शकत नव्हती. इकडून बाबा जाऊ शकत होते, पण एकटे नाही.

ताईने चार दिवस काही उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाली, "माझी रजा मंजूर झालीय."

इतकी वर्षं धाकटा तिकडे राहत होता, पण ती त्याच्या घरी एकदाही गेली नव्हती. दर वेळी काही ना काही निघायचं. विमानात बाबा खिडकीशी बसले. ताईने त्यांचा पट्टा लावून दिला. खाली माळ सरकत गेला, मग दोन घाट, वरून नुसत्या सुरकुत्यांसारखे दिसणारे. चहा आला, बाबांनी तो न सांडता प्यायला, आणि तेवढ्यात विमान उतरायला लागलं.

धाकटा बाहेर उभा होता. त्याने बाबांना गाडीत बसवलं, सामान मागे टाकलं. ताईने इकडेतिकडे पाहिलं.

"ती कुठेय?"

"घरी. मी चल म्हटलं. म्हणाली, तुझ्या ताईला आवडेल की नाही माहीत नाही." तो गाडी सुरू करायचा थांबला. "तुला चालणार नसेल तर ती आज तिच्या खोलीवर राहायला तयार आहे. खरंच सांगतोय, ताई. आता काही लपवत नाहीये."

ताईने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, नजर सरळ होती.

"तिला तिथेच थांबायला सांग," ती म्हणाली. "मला तिला अजून बरंच विचारायचंय."